रडणारी बाहुली आणि सरकारी पैसा

नमस्कार, श्रोतेहो.

शाळकरी वयात मुलींवर आईपण येऊ नये म्हणून ऑस्ट्रेलियात एक युक्ती चालत असे. मुलीला शनिवार-रविवारपुरती एक यांत्रिक बाहुली घरी न्यायला द्यायची. ती रात्री-अपरात्री रडणार, तिला दूध पाजावं लागणार, लंगोट बदलावा लागणार. आणि हे सगळं नीट केलं की नाही, याची नोंद आतलं यंत्र ठेवणार. दोन रात्री जागून काढल्या की पोरगी आपणहून म्हणेल, नको बाई हे इतक्यात! कल्पना कुणालाही पटावी अशीच. इतर देशांतही ती वापरली जात असे.

पर्थ शहर आणि परिसरातल्या ५७ शाळांमध्ये मात्र संशोधकांनी ती तपासून पाहिली. बाहुली कोणत्या शाळांना द्यायची हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. १३ ते १५ वर्षांच्या २,८०० च्या आसपास मुली होत्या. त्या २० वर्षांच्या होईपर्यंत रुग्णालयांच्या आणि गर्भपाताच्या नोंदी जुळवल्या गेल्या. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. बाहुली सांभाळलेल्या मुलींपैकी ८ टक्के मुलींना २० वर्षांच्या आत मूल झालं होतं, इतरांपैकी ४ टक्के मुलींना. गर्भपाताचं प्रमाण ९ आणि ६ टक्के. थोडक्यात, उपाय चालला तर नाहीच, उलट अंगावर आल्यासारखा दिसला.

आता सांगा, असा अभ्यास कोण करणार? बाहुली विकणाऱ्याला त्यात रस नाही, शाळेकडे पैसा नाही. हजारो मुलींचा वर्षानुवर्षं मागोवा घ्यायचा, तोही त्यांची नावं उघड न करता, म्हणजे सरकारलाच खिशात हात घालावा लागतो.

अमेरिकेने २०१० मध्ये तेच केलं. किशोरवयीन गर्भधारणा रोखण्याच्या कार्यक्रमासाठी ११ कोटी डॉलरची तरतूद झाली. त्यातला मोठा वाटा आधी गुण आलेले उपाय नव्या ठिकाणी राबवायला आणि थोडा नवे उपाय आजमावायला. अट एकच: परिणाम मोजायचा. पहिल्या पाच वर्षांतली ४१ मूल्यमापनं हाती आली, तेव्हा जेमतेम १२ ठिकाणी काही चांगला परिणाम दिसला होता. विरोधकांनी लगेच म्हटलं, पैसा पाण्यात गेला.

मला हे पटत नाही. काय चालत नाही, हेही याच पैशातून कळलं. ते कळलं नसतं, तर तेच वर्ग दहा वर्षं भरत राहिले असते आणि कुणी विचारलंही नसतं. तिथला किशोरवयीन मातांचा जन्मदर १९९१ मध्ये हजारी सुमारे ६२ होता, तो २०२३ मध्ये १३ वर आला, हे खरं. पण त्याचं श्रेय या एका कार्यक्रमाला देता येणार नाही. गर्भनिरोधकांचा वाढलेला वापर हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं.

माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीवर आहे. पाच वर्षांसाठी मंजूर झालेली ८१ अनुदानं दोन वर्षं आधीच बंद करण्याचा निर्णय २०१७ मध्ये तिथल्या सरकारने घेतला. पुढच्या वर्षी न्यायालयांनी तो बेकायदा ठरवला, ते बरं झालं. कारण अशा अभ्यासात पहिली वर्षं मुलामुलींची नोंदणी आणि शिकवणं यातच जातात. फरक पडला का, हे विचारायची वेळ येते ती नेमकी शेवटच्या दोन वर्षांत.