पदवी पर्यावरणाची, परीक्षा बाटलीची

नमस्कार श्रोतेहो.

"मुलगी पर्यावरणात पदवी घ्यायची म्हणतेय, पण पुढे काय करणार?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की आता समोरच्यानं तोंड उघडलं की मला तो आधीच ऐकू येतो. आज त्याबद्दलच बोलू या.

पहिली गोष्ट. पर्यावरणाची पदवी ही एकच एक पदवी नाही. पर्यावरण विज्ञान घेतलंत, तर रसायन, जीवशास्त्र, भूशास्त्र, संख्याशास्त्र आणि पुढे पाणी, हवा, माती तपासणं. पर्यावरण अभियांत्रिकी घेतलीत, तर सांडपाणी प्रक्रिया, कचरा व्यवस्थापन, धूर पकडणारी यंत्रणा, आणि गणित भरपूर. पर्यावरण अभ्यास म्हणून जे असतं, त्यात कायदा, अर्थशास्त्र, धोरण. नावं सारखी वाटतात आणि तिथेच फसगत होते. पुन्हा सांगते: विज्ञानवाला मोजतो, अभियंता उभारतो, आणि धोरणवाला नियम काय असावा ते लिहितो. आपल्याला यातलं काय आवडतं, ते प्रवेशाच्या अर्जाआधी ठरवायचं.

बरेच जण येतात ते मात्र वाघासाठी. म्हणजे जंगल, दुर्बीण, तंबू. ती कामं आहेत, पण मोजकी. बहुतेकांच्या नशिबी सांडपाणी येतं. मला स्वतःला सांडपाणी फार आवडतं, पण ते सोडा.

आणि हो, पर्यावरण म्हणजे पोस्टर स्पर्धा, ही समजूत एकदा मोडायला हवी. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावून फोटो काढतात. मागच्या वर्षीच्या रोपाचं काय झालं, याची नोंद ठेवायला सांगा की विद्यार्थ्यांना! एक वही पुरे. असो, विषयावर येते.

अभ्यासक्रमात काय असतं, हे पुस्तिकेत वाचता येईल. मी तुम्हाला एका बाटलीची गोष्ट सांगते.

मी पदव्युत्तर वर्गात होते. प्रकल्प साधा होता: नदीला एक नाला मिळतो, त्याच्या वर आणि त्याच्या खाली पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, ते मोजायचं. ही चाचणी विंकलर नावाच्या रसायनतज्ज्ञाची, १८८८ सालची. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली, घासून बसवलेलं काचेचं बूच. पाणी भरायचं आणि मँगेनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड जागेवरच, नदीकाठीच घालायचं, म्हणजे प्राणवायू त्या क्षणाला बांधला जातो. मग प्रयोगशाळेत आम्ल, स्टार्च, ब्युरेट म्हणजे खुणांच्या काचनळीतून थेंब थेंब हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, आणि निळा रंग गेला की थांबायचं. हायपो जितका जास्त लागला, तितका प्राणवायू जास्त.

सगळं पाठ होतं मला. सगळं केलं. आकडे आले: नाल्याच्या वर ६.४ मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि नाल्याच्या खाली ७.६.

प्राणवायू जास्त म्हणजे पाणी चांगलं. म्हणजे नाला मिळाल्यावर नदी सुधारली! मी काय केलं असेल? तीन पानं लिहिली. नदीची स्वतःला शुद्ध करण्याची अद्भुत क्षमता वगैरे. नाल्याचा वास अजून ओढणीला येत होता, आणि मी त्याचं कौतुक लिहीत होते.

आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. पदवी नव्हती, पण तीस वर्षं बाटल्या धुतलेल्या. त्यांनी माझी वही पालथी घालून पाहिली आणि एवढंच विचारलं, "पाणी कशानं भरलंस गं?"

म्हटलं, "बादलीनं. पुलावरून दोरी सोडली, बादली ओढून घेतली आणि बाटलीत ओतली."

मामा काही बोलले नाहीत. नाल्याखालच्या पाण्याचा एक कॅन आम्ही काठोकाठ भरून आणला होता, तो उरला होता. मामांनी दोन बाटल्या घेतल्या. एका बाटलीत कॅनमधलं पाणी वरून, हातभर उंचीवरून, खळखळ ओतलं. दुसऱ्या बाटलीत रबरी नळी थेट तळापर्यंत सोडली आणि पाणी शांतपणे वर चढू दिलं, भरून वाहू दिलं, बराच वेळ वाहू दिलं. मग नळी हळूच काढून बूच लावलं आणि बाटली तिरकी करून मानेशी बुडबुडा राहिलाय का ते पाहिलं. दोन्हींत सारखीच रसायनं घातली.

पहिल्या बाटलीत तांबूस तपकिरी गाळ बसला. दुसरीत गाळ जवळजवळ पांढरा.

श्रोतेहो, तपकिरी म्हणजे प्राणवायू आहे. पांढरा म्हणजे नाही. पाणी एकच, कॅन एकच. पहिल्या बाटलीतला प्राणवायू नदीचा नव्हताच, तो ओतणाऱ्या हाताचा होता. माझ्या ७.६ पैकी बराचसा असाच बादलीतून आलेला होता. वरच्या बाटल्या मी आदल्या दिवशी पाण्यात उतरून नीट भरल्या होत्या. खाली मात्र चिखल होता, म्हणून बादली.

मी परत गेले. मामांनी बजावलं होतं, उजाडायच्या आत जा. का? दिवसा पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू सोडतात. रात्री मात्र त्याही श्वासच घेतात, त्यामुळे पहाटे पाण्यातला साठा सगळ्यात कमी असतो. दुपारी मोजलेली नदी आणि पहाटे मोजलेली नदी, या दोन वेगळ्या नद्या समजा. गुडघाभर चिखलात उभी राहून बाटली भरली. आकडा आला १.८.

ती तीन पानं मी फाडली. मामा म्हणाले, "फाडू नकोस, मागे लाव." त्या प्रबंधाच्या परिशिष्टात ती पानं अजून आहेत.

वेळ बघता आता नोकऱ्यांचं भराभर सांगते. हे क्षेत्र बऱ्याच अंशी कायद्यानं उभं केलंय. अमेरिकेत १ जानेवारी १९७० ला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा लागू झाला आणि मोठ्या प्रकल्पाआधी त्याचे परिणाम तपासून लिहिणं बंधनकारक झालं. मग देशोदेशी तसे नियम आले. ते अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार संस्था आल्या. १९९६ मध्ये आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्यातून लेखापरीक्षणाची कामं निघाली. शिवाय तपासणी प्रयोगशाळा, कारखान्यांतले सांडपाणी प्रक्रिया विभाग, नियंत्रक मंडळं, उपग्रहचित्रांवरून नकाशे करणारे, कंपन्यांचे शाश्वतता अहवाल. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे लपवत नाही.

एक युक्ती मात्र करा. प्रवेश घेण्याआधी आजच्या वीस नोकऱ्यांच्या जाहिराती वाचा. पात्रता म्हणून काय लिहिलंय ते बघा. कित्येक ठिकाणी अभियांत्रिकीच हवी असते आणि विज्ञानवाल्याला ते पदवी हातात आल्यावर कळतं. पुन्हा सांगते, जाहिराती आधी, प्रवेश नंतर. आणि महाविद्यालयात गेलात की इमारत पाहू नका. विचारा, वर्षातले किती दिवस मुलं बाहेर नमुने घ्यायला जातात?

मोजणं कंटाळवाणं वाटतं खरं. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईतल्या माउना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो दशलक्षात सुमारे ३१३ भाग होता. मधे पैसे आटले, तरी त्यांनी ते काम सोडलं नाही. आज तो आकडा ४२० च्या पुढे गेलाय, आणि तो वाढत गेला हे आपल्याला ठाऊक आहे ते त्या कंटाळवाण्या नोंदींमुळे.

माझी हल्लीची नोकरी म्हणजे दुसऱ्यांचे अहवाल तपासणं. मध्यंतरी एक आला. छान बांधणी, रंगीत आलेख, आणि सांडपाणी सोडतात त्याच्या जरा खाली प्राणवायू ७.९. अहवालात दिलेल्या नंबरवर मी फोन लावला. एका तरुण मुलानं उचलला. मी विचारलं, "पाणी बादलीनं भरलंत का?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळू आवाजात, "मॅडम, तुम्ही तिथे होतात?"

नमस्कार.