ओंजळीच्या अलीकडे, पलीकडे

मित्रहो, महाड म्हटलं की तुमच्यामाझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले, वाकले, ओंजळ भरली. मला आज त्या ओंजळीच्या अलीकडचं आणि पलीकडचं बोलायचं आहे.

अलीकडचं म्हणजे चाळीस रुपये. १९ मार्च १९२७ ला महाडात अस्पृश्यांची परिषद भरली, तेव्हा जमलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. गावात चवदार तळं होतं. कागदोपत्री ते सगळ्यांना खुलंही होतं! सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये. पण ठराव दप्तरात आणि घागर रिकामी, असं तीन वर्षं चाललं.

दुसऱ्या दिवशी आभार मानता मानता अनंतराव चित्र्यांनी सुचवलं, आत्ताच तळ्यावर जाऊ. सगळे रांगेने निघाले, पाणी प्यायले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, लाठ्या पडल्या, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरींनी तळं ‘शुद्ध’ झालं. शेणाने शुद्ध होणारं पाणी माणसाच्या हाताने बाटतं, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

आता पलीकडचं. डिसेंबरात माणसं पुन्हा जमली, तुरुंगात जायच्या तयारीने. मंडपाला जागा मिळेना. ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण, हेही लक्षात असू द्या. पण सवर्णांनी १४ डिसेंबरलाच कोर्टाचा मनाई हुकूम मिळवला होता. सत्याग्रहाला आसुसलेल्या त्या सभेला बाबासाहेबांनी थोपवलं. लोक मिरवणुकीने तळ्यापर्यंत गेले आणि पाण्याला हात न लावता परतले. मला विचाराल, तर मार्चच्या ओंजळीपेक्षा हे अवघड होतं. ज्या माणसांनी तीन पिढ्या नव्हे, शंभर पिढ्या ‘थांबा’ ऐकलं, त्यांना आपल्याच माणसाने पुन्हा थांबा म्हणायचं!

मग उरला तळ्याचा खटला. वादी म्हणजे तेच सवर्ण; त्यांचं म्हणणं असं, की अस्पृश्यांना इथे मज्जाव ही अनादी काळापासूनची वहिवाट. बरं, वहिवाट म्हटली की ती शाबीत करावी लागते. ते खालच्या कोर्टात हरले, अपिलात हरले, तरी हायकोर्टात गेले. तिथे न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड, १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. अनादी वहिवाट शाबीत झालेली नाही, असा निकाल त्यांनी दिला. तारीख १७ मार्च १९३७. ओंजळीला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

२० मार्चला महाडात पाय ठेवायला जागा नसते. एकदा १७ ला जाऊन बघा.