दारातल्या उजेडात मोरपंखी

(दृश्य: तुमसरमधलं कापडाचं दुकान. गादीवर शालूंचा ढीग.)

लग्न वैशाखातलं. भंडारा जिल्ह्यात तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास पोचतो. बस्ता बांधायला आई, आत्या, दोन मावश्या, काकू अशी सगळी फौज आली आहे. दुकानदार एकामागून एक लाल शालू उलगडतोय. नवरी गप्प.

"काऊन वं, लाल काऊन नाही पाहून राहिली?" आई विचारते.

"मले मोरपंखी पाह्यजे."

आत्या लगेच म्हणते, "नवरीनं लालच नेसा लागते."

आत्यांचा जीव आहे पोरीवर, म्हणूनच त्या बोलतात. पण हळदीचं पिवळं आणि हातातला हिरवा चुडा या नवरीला मिळणारच आहे. ज्या साडीत तिला मांडवात तासन् तास बसायचं आहे, तिचा रंग तिनंच निवडावा, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: नवरी साडी घेऊन दुकानाच्या दारात.)

ट्यूबलाइटखाली निळी दिसणारी ही साडी दारात येताच हिरवट झाली. ताणा म्हणजे उभे धागे निळे, बाणा म्हणजे आडवे धागे हिरवे. धूपछाव कापड असंच असतं. म्हणून रंग गादीवर बसून ठरवू नये. आणि मांडवाचं कापड कोणतं, हेही विचारावं. गुलाबी कापडातून दुपारचं ऊन झिरपलं की खाली बसलेल्यांचे चेहरेसुद्धा गुलाबी होतात, तिथे मोरपंखी मळकट दिसेल. या घरानं पांढरं कापड सांगितलंय.

आता एका मावशीकडे बघा. त्यांनी पांढरा रुमाल पाण्यात भिजवला आणि साडीच्या आतल्या टोकाला घासला. रुमाल निळा झाला. वैशाखात घाम आला की हाच रंग नवरीच्या पाठीवर उतरणार. साडी परत गादीवर गेली आणि पोरीचे डोळे भरले.

(दृश्य: मोहाडी तालुका. हातमागाचा आवाज.)

मावशीनंच वाट काढली. मोहाडी तालुक्यात करवतकाठी टसर विणतात. या साडीला भौगोलिक मानांकन आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांचं हे रेशीम, मूळचंच मधाळ, तपकिरी.

जवळून बघा. माग एक, आडवा धागा नेणारे धोटे तीन. एक मधल्या अंगाचा, दोन काठांचे. प्रत्येक ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा, म्हणून जोडावर करवतीचे दात उमटतात. त्यामुळेच काठाचा रंग अंगात शिरत नाही आणि अंगाचा काठात येत नाही. दोन ठाम रंग एका साडीत हवे असतील तर यासारखं विणकाम नाही.

विणकर काका मात्र आधीच सांगतात, "टसरवर मोरपंखी दुकानातल्यासारखा चमकणार नाही बाई. धाग्याचा आपला रंग खालून येते." ते बरोबर आहे. फिका गुलाबी किंवा अबोली मागणाऱ्यांनी तर हे आधीच ऐकून घ्यावं. नवरीनं रंगवलेल्या धाग्याची लड हातात घेतली, दारात गेली, उन्हात धरली. मोरपंखी थोडा सावळा, खोल.

"हाच."

आणि काठ? तो आईला विचारून, लाल.

पोलकं लालच शिवायचं ठरलं, काठाला धरून. आत सुती अस्तर, म्हणजे घाम टिपला जाईल, आणि शिलाईत दोन बोटं दाब, लग्नापर्यंत अंग कमी-जास्त झालं तरी चालेल. केसांत मोगरा, तो वैशाखात गावातच मिळतो. दागिने थोडेच, कारण करवतीचे दात गळ्यातल्या गर्दीत हरवू नयेत, असं तिलाच वाटलं.

(दृश्य: मागाच्या खोलीचं दार.)

आईनं आपल्या हातातली हिरवी बांगडी काढली, मोरपंखी लडीशेजारी धरली, आणि आत्याला हाक मारली, "या न बाई, पाहा बरं कसं दिसते."