कापसाचा हिशेब आणि मोबाइलची वाट

नमस्कार श्रोतेहो.

कापसाचा हंगाम सुरू झाला की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या भागांतील जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांचे, खरेदीदार गावोगावी जातात आणि गाडीचे वजन, कापसातील ओलावा व ठरलेला भाव यांची नोंद तिथूनच, मोबाइलवरून, जिनिंगच्या कार्यालयातील संगणकात करतात. त्या नोंदीवर शेतकऱ्याचा चुकारा अवलंबून असतो, म्हणून ती ज्या वाटेने जाते त्या वाटेची काळजी मला फार महत्त्वाची वाटते.

मोबाइलचे जाळे मुळातच सुरक्षित असते, हा समज अर्धाच खरा आहे. मोबाइलपासून टॉवरपर्यंतचे संदेश कुलूपबंद असतात. टॉवरपासून कार्यालयापर्यंतच्या प्रवासाला ते कुलूप पुरत नाही. शिवाय टूजीमध्ये जाळे मोबाइलची ओळख तपासते, पण मोबाइल जाळ्याची ओळख तपासत नाही. ही उणीव थ्रीजीपासून दूर झाली. आपल्याकडे तर गाव मागे पडले की रेंज घसरते, मोबाइल टूजीवर येतो आणि हे संरक्षणही घसरते.

यावर उपाय व्हीपीएनचा. यात मोबाइल आणि कार्यालय यांच्यामध्ये एक बंदिस्त बोगदा तयार होतो व मधल्या कुणालाही आतली नोंद वाचता येत नाही. निवड करताना मात्र, वायफायवरून मोबाइलच्या जाळ्यावर आल्यावरही तो बोगदा टिकतो का, हे अवश्य विचारा. २००६ साली आयकेईव्ही२ या व्हीपीएन जोडण्याच्या पद्धतीला जोडलेली ‘मोबाइक’ ही तरतूद आणि २०२० साली लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात आलेले वायरगार्ड हे व्हीपीएन, या दोन्हींत तो टिकतो.

सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे, आणि ती सोयीच्या मोहातून होते. बाहेरून काम करता यावे म्हणून अनेक ठिकाणी हिशेबाच्या संगणकाचे रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचे, दार, ज्याचा नेहमीचा क्रमांक ३३८९ आहे, थेट इंटरनेटवर उघडे ठेवले जाते. अशी दारे शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. सोपा पासवर्ड सापडला की सारा हिशेब कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते. माझी कळकळीची विनंती आहे की ते दार आजच बंद करावे, संगणकापर्यंत केवळ व्हीपीएनमधूनच जावे आणि पासवर्डच्या जोडीला ओळखीची दुसरी खूणही, जसे मोबाइलवर येणारा ओटीपी, ठेवावी.

प्रत्येक खरेदीदाराला व्हीपीएनची स्वतंत्र किल्ली द्यावी. एकच किल्ली सर्वांना वाटू नये. मग आठवडी बाजारात कुणाचा मोबाइल हरवला, तर त्याने त्याच क्षणी कार्यालयाला कळवावे आणि कार्यालयाने तेवढीच एक किल्ली रद्द करावी. बाकीच्यांची खरेदी त्या दिवशीही सुरू राहील.