मे महिन्याचं ऊन आणि गच्चीवरचं पॅनल

राम राम, श्रोतेहो.

जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकला की कुणीतरी म्हणतंच, "एवढं ऊन वाया चाललं! सोलर बसवलं असतं तर लई वीज झाली असती." बोलणं अर्धंच खरं आहे. पॅनलला हवा असतो उजेड. तापलेलं पॅनल उलट कमी वीज देतं. त्याच्यावर छापलेली क्षमता असते २५ अंशांना मोजलेली. मे महिन्यात आपल्याकडे पॅनल ६५ अंशांपर्यंत सहज तापतं आणि दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते. म्हणजे भर दुपारी १३-१४ टक्के गेलेच. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळला पाहिजे. एवढं धरूनही १ किलोवॅटमागे वर्षाची सरासरी दिवसाला ४ युनिटच्या आसपास पडते, आणि ती काही थोडी नाही.

आता जागा. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात, ३ किलोवॅटला ३००. आणि आपली गच्ची रिकामी असते कधी? आखाजीच्या आधी तिथे कुरडया, बिबड्या, नागलीचे पापड वाळत असतात, रात्री अंथरुणं पडतात. तेव्हा सांगाडा सात-आठ फूट उंच घ्या, खालची जागा मोकळी राहते. खर्च थोडा वाढतो आणि वावधानाचा विचार करून पाया पक्का बांधावा लागतो. घरातल्या बायांना आधी विचारा. विकायला आलेला माणूस बहुधा विचारत नाही. जुनं धाब्याचं घर असेल तर त्या माती-लाकडाच्या छतावर भार टाकू नका. अंगणात किंवा खळ्यात जमिनीवर उभारा.

पैशाचं थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. आधी वर्षभराची बिलं काढून बसा. महिन्याला १०० युनिट जळणाऱ्या घराला ३ किलोवॅट कशाला?

सर्वांत जास्त गैरसमज आहे तो लाइट जाण्याबद्दल. ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजलाइनीला जोडलेलं साधं सोलर बाहेरची लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतं. बिघाड नसतो तो. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून मागे गेलेल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. लाइट गेल्यावरही पंखा फिरायला हवा असेल तर हायब्रिड, म्हणजे बॅटरीवरही चालणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, तो खर्च वेगळा. हे सौदा ठरण्याआधीच विचारून घ्या.

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. त्या पाहून घरावर छोटी पवनचक्की लावायचं काहींच्या मनात येतं. माझं मत विचाराल तर नको. तो वारा उघड्या पठारावरचा आणि उंचावरचा. गावातल्या घरांमध्ये तो अडतो, विस्कटतो.

गोठ्यात चार-पाच जनावरं असतील तर गोबरगॅसचा विचार मात्र जरूर करा. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, लहान कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर निघतो आणि उरलेली स्लरी, म्हणजे शेणाचा पातळ रबडा, केळीला घालता येते. शेण रोज पडलं पाहिजे, एवढीच अट. आठवडाभर लग्नाला गेलात तर गॅस रुसतो.

राहिली गाडी. बॅटरीवरच्या बऱ्याच स्कूटरना पूर्ण चार्जिंगला ३ ते ४ युनिट लागतात. पाचोऱ्याहून जळगावला रोज जाऊन-येऊन करणाऱ्याचा जवळजवळ सगळा प्रवास तेवढ्यात बसतो. गच्चीवरचं ३ किलोवॅटचं सोलर दिवसाला १२ युनिट देत असेल तर हिशेब तुम्हीच करा. फक्त आपल्या हवेत एक पथ्य पाळा : दुपारी तापून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका. उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य घटतं. तास-दोन तास सावलीत थंड होऊ द्या, मग प्लग लावा.