संध्यामठाचे दोन फोटो

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या पश्चिमेला सूर्य कलला की तिथल्या संध्यामठ या जुन्या दगडी वास्तूचे काळे दगड आणि त्यामागचे आकाश यांच्या उजेडात प्रचंड तफावत पडते. पडद्यावर दिसणारे हे दोन फोटो एकाच तिवईवरून, त्याच वेळी घेतलेले आहेत. पहिला डिजिटल कॅमेऱ्याचा. दगडांची झीज दिसावी म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवले आणि सूर्याभोवतीचे आकाश कोरे पांढरे झाले. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूत ठरावीक उजेडच मावतो. त्यापलीकडे तिथला तपशील नोंदलाच जात नाही आणि संगणकावर तो परत आणताही येत नाही.

दुसरा कृष्णधवल निगेटिव्हवरचा आहे. जिलेटिनच्या थरातील चांदीच्या क्षारांचा प्रतिसाद भरपूर उजेडात हळूहळू मंदावतो, त्यामुळे ढगांच्या कडा शिल्लक राहतात. मात्र सावलीला उजेड कमी पडला, तर तिथे काहीच उमटत नाही. म्हणूनच निगेटिव्हवर काम करणारा सावलीचे माप आधी घेतो, तर डिजिटलवर आधी उजळ भाग सांभाळावा लागतो. ॲपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, ८ वरून ५.६ वर आणले की ते मोठे होऊन उजेड दुप्पट होतो आणि शटर १/१२५ वरून १/२५० सेकंदावर नेले की पुन्हा निम्मा. हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे.

आता पडदा काळा आहे, कारण फिल्म रिळावर चढवताना लाल दिवासुद्धा चालत नाही. ऐकू येते ती फक्त बोटांखाली सरकणाऱ्या ३६ फोटोंच्या रोलची सळसळ. रीळ ठेवलेला, उजेड आत न शिरणारा डबा बंद झाल्यावर दिवा लागतो. चित्र उमटवणारे रसायन, म्हणजे डेव्हलपर, २० अंश सेल्सिअसवर ठेवायचा असतो आणि कोल्हापूरच्या उन्हाळ्यात नळाचे पाणी याहून गरम येते, म्हणून डब्याभोवती बर्फ रचला आहे. डेव्हलपरनंतर चित्र पक्के करणारा हायपो, मग वाहत्या पाण्यात बराच वेळ धुणे, आणि यातली एकही पायरी घाईने उरकता येत नाही. निगेटिव्हवरून फोटो छापायच्या कागदावर लाल उजेडाचा परिणाम होत नसल्याने पुढचे सारे आपल्याला पाहता येते: ट्रेमध्ये आधी मठाचे खांब उमटतात, नंतर पाणी, सर्वांत शेवटी आकाश.

याच शहरात चित्रपटनिर्माते बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला. छायाचित्रण शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने निदान एक रोल असा स्वतःच्या हाताने धुवावा, असे आम्हाला मनापासून वाटते, कारण बटण दाबण्याआधी उजेड मोजायची सवय तिथेच लागते. फिल्म महागली आहे, ती धुणारी बहुतेक दुकाने मिटली आहेत.

दोरीवर चिमट्याने अडकवलेला फोटो अजून ओला आहे.