अंदाज संपतो तिथून पुढे

अर्थसंकल्पाच्या दिवशी विधानभवनात कॅमेऱ्यांची गर्दी असते. त्या दिवशी वाचले जातात ते अंदाज. राज्याने वर्षभरात खरोखर किती मिळवले आणि कुठे घातले, हे पुढे दोन दस्तऐवजांत येते: वित्त लेखे आणि विनियोजन लेखे. ते मांडले जातात त्या दिवशी मात्र गर्दी नसते.

या हिशेबाची सुरुवात कोषागारात होते. देयक पारित झाले, पैसे गेले, की प्रमाणक, म्हणजे त्या खर्चाचा कागदी पुरावा, महिन्याच्या लेख्यांसोबत महालेखापालांकडे, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या राज्यातील कार्यालयाकडे, जाते. केंद्राने १९७६ मध्ये आपले लेखे ठेवण्याचे काम मंत्रालयांकडे सोपवले. बहुतेक राज्यांचे लेखे मात्र आजही महालेखापालच संकलित करतात.

प्रत्येक रुपयाला तो कोणत्या विषयाचा हे सांगणारे चार अंकी प्रधान शीर्ष असते. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण. २२१० म्हणजे वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्य. २०४९ म्हणजे कर्जावरचे व्याज. या तिन्ही रकमा शेजारी ठेवून पाहिल्या, की सरकारचे खरे प्राधान्य भाषणाविना कळते.

म्हणूनच प्रधान शीर्षाखालचे गौण शीर्ष ८०० खटकते. त्याचे नाव ‘इतर खर्च’. योग्य शीर्ष नसेल तेव्हाच ते वापरायचे. पण अनेक राज्यांत मोठ्या रकमा तिथे नोंदवल्या जातात आणि लेखापरीक्षक वर्षानुवर्षे त्यावर बोट ठेवतात. तो पैसा नेमका कशावर गेला, हे लेखे वाचणाऱ्याला समजतच नाही. अनुदानांचेही तसेच. रक्कम वितरित झाली की खर्च नोंदला जातो, पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र मात्र कित्येकदा येतच नाही. त्या पैशातून काम उभे राहिले का?

विनियोजन लेख्यांत विधिमंडळाची मंजुरी आणि प्रत्यक्ष खर्च समोरासमोर येतात. पुरवणी मागणी मंजूर करून घेतली, आणि मूळ तरतूदही पुरती खर्च झाली नाही, अशी उदाहरणे तिथे सापडतात.

संविधानाच्या कलम १५१ नुसार नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा लेखापरीक्षा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि ते तो विधिमंडळापुढे ठेववतात. पण किती दिवसांत, याची मुदत त्या कलमात नाही. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी अहवाल पटलावर आला, की सभागृहात चर्चेला वेळच उरत नाही. पुढे विधिमंडळाची लोकलेखा समिती सचिवांची साक्ष घेते, तोवर खर्च करणारे अधिकारी बदलून गेलेले असतात. ही मुदत लेखी ठरलीच पाहिजे.

तोपर्यंत, पटलावर आलेले राज्यांचे लेखे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. आपल्या राज्याचा खंड उघडा आणि आधी २२०२ शोधा.